समुद्रकाठची पाहण्याजोगी ठिकाणे

(गोरेगाव येथे प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



तुम्हाला आता वाचता येऊ लागले आहे. एस. टी.ची पाटी वाचता येते. दुकानावरचे नाव वाचता येते. घरी आलेले पत्र दुसऱ्याच्या हातात द्यावे लागत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. पण अक्षर शिकलो ते काय फक्त पाट्या आणि पत्रे वाचायला? आम्ही म्हणतो, आता घराबाहेर पडा आणि आपला मुलूख वाचून या.

कोणी म्हणेल, "गुरुजी, फिरायला जाणे हे पैसेवाल्यांचे काम. आम्हाला कुठला वेळ आणि कुठला पैसा?" असे म्हणू नका. आपली माणसे पंढरीला जातात. गावच्या जत्रेला जातात. लग्नकार्याला चार गावे ओलांडून जातात. त्याच प्रवासात एक दिवस वाट थोडी वाकडी केली, तर एखादे चांगले ठिकाण पाहून होते. भाकरी बांधून घ्यावी, पाण्याची बाटली घ्यावी आणि निघावे.

आम्ही गोरेगावला राहतो. आज येथे सगळीकडे उंच इमारती दिसतात. पण पहाडी आणि गोरेगाव ही मूळची गावेच. ही गावे साष्टी बेटावरची. सहासष्ट गावांचे बेट, म्हणून साष्टी, असे सांगतात. बेटाच्या पश्चिमेला समुद्र, मधोमध डोंगर, भोवती खाड्या. येथून उत्तरेला वसई आणि दक्षिणेला थेट मालवणपर्यंत एकच किनारा पसरला आहे. या किनाऱ्यावरची सात-आठ ठिकाणे आज तुम्हाला सांगतो. जवळच्यापासून सुरुवात करू.

१. कान्हेरीची लेणी

गोरेगावहून आगगाडीने बोरिवलीला उतरावे. स्टेशनापासून जवळच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे दार आहे. तेथून सहा-सात किलोमीटर आत, रानात, डोंगरावर कान्हेरीची लेणी आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. हे ध्यानात ठेवा, नाहीतर दारावरून परत यावे लागेल.

एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. काळा कठीण दगड छिन्नी-हातोड्याने कोरून ती केली. दोन हजार वर्षांपूर्वी हे काम सुरू झाले आणि पुढे कित्येक शतके चालू राहिले. येथे बौद्ध भिक्षू राहत. भिक्षूंची निजण्याची खोली लहान, दगडी ओटा तोच बिछाना. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे मोठे आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी आहेत आणि आत स्तूप आहे. बाहेर बुद्धाच्या उंच मूर्ती आहेत. त्या पाहताना मान वर करावी लागते.

पण आम्ही तुम्हाला मूर्तींच्या आधी दुसरे काही पाहायला सांगू. प्रत्येक लेण्याच्या बाजूला पाहा. दगडात खोदलेले पाण्याचे टाके दिसेल. जुन्या लेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावर पडणारा पाऊस वाहून जाऊ नये म्हणून खडकात बारीक पन्हळी खोदल्या आहेत. त्या पन्हळींतून पाणी टाक्यात येते. डोंगरमाथ्यावर विहीर नाही, नळ नाही. तरी इतकी माणसे तेथे बारा महिने राहत. का? पावसाचा थेंब त्यांनी अडवला म्हणून. आपल्या कोकणात पाऊस काही थोडाथोडका पडत नाही. तरी मे महिन्यात बायकांना हंडा घेऊन लांब जावे लागते. कान्हेरीच्या टाक्यांपाशी उभे राहून या गोष्टीचा विचार करा. देव पाणी देतो, पण ते साठवण्याचे काम आपले आहे.

दुसरी गोष्ट. भिंतींवर जुन्या ब्राह्मी लिपीत लेख आहेत. त्यांत काय लिहिले आहे? बहुतेक लेख दानाचे आहेत. अमुक गावच्या अमुक माणसाने हे लेणे दिले, ही पोढी दिली, असे ते सांगतात. कल्याण, सोपारा या बंदरांतल्या व्यापाऱ्यांची नावे त्यांत आहेत. बायकांचीही नावे आहेत. आपली देवनागरी याच ब्राह्मीच्या वंशातली. तुम्ही पाटीवर जे 'क' गिरवले, त्याची खापरपणजी त्या भिंतीवर बसली आहे.

काही पारशी प्रवासी इ. स. १००९ आणि १०२१ साली कान्हेरी पाहायला आले होते. त्यांनी आपली नावे त्यांच्या पहलवी लिपीत भिंतीवर कोरली. तीही अजून आहेत. हे ऐकून तुम्ही म्हणाल, "मग आम्हीही आमची नावे लिहू की!" नाही, मंडळी. नवे अक्षर आले की नाव लिहावेसे वाटते, हे आम्ही जाणतो. पण आज दर वर्षी लाखो माणसे येतात. प्रत्येकाने नाव कोरले तर भिंत उरणार नाही. तुमचे नाव वहीत लिहा. तारीख घाला, काय पाहिले ते चार ओळींत लिहा. ती वही तुमची नातवंडे वाचतील.

या रानात बिबट्या आहे. वाट सोडून आत जाऊ नये. लहान मुलांना एकटे सोडू नये. माकडांना खायला घालू नये.

२. वसईचा किल्ला

वसई रोड स्टेशनावर उतरून बसने किंवा रिक्षाने किल्ल्यापर्यंत जाता येते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांनी येथे समुद्राच्या तोंडाशी मोठा दगडी किल्ला बांधला. आत चर्चे, घरे, दवाखाना, सगळे शहरच होते. आज त्यांच्या भिंती उभ्या आहेत. छपरे गेली आहेत. कमानींवर वेली चढल्या आहेत.

पहिल्या बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी या किल्ल्याला वेढा घातला. तटाखाली सुरुंग लावले. दोन्हीकडची फार माणसे पडली. १७३९ सालच्या मे महिन्यात किल्ला पडला. मराठ्यांनी तहात कबूल केल्याप्रमाणे पोर्तुगिजांना बायकामुलांसह आणि सामानासह जाऊ दिले. लढाई जिंकणे मोठे आणि जिंकल्यावर शब्द पाळणे त्याहून मोठे.

वसईपलीकडचे स्टेशन नालासोपारा. जुने सोपारा बंदर ते हेच. तेथे १८८२ साली एका स्तूपाचे उत्खनन झाले. अशोक राजाच्या आज्ञेचा दगडही त्याच गावी सापडला. दोन हजार वर्षांपूर्वी राजाने आपले म्हणणे दगडावर लिहवले, ते लोकांना कळावे म्हणून. वाचणारा असेल तरच लिहिण्याला अर्थ आहे.

३. घारापुरी

मुंबईच्या गेटवेवरून लाँच सुटते. तासाभरात घारापुरी बेट येते. हेही सोमवारी बंद असते. डोंगराच्या पायऱ्या चढून गेले की मोठे लेणे लागते. ते सुमारे चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीचे आहे. आत शिवाची तीन मुखांची मूर्ती आहे. ती सुमारे वीस फूट उंच आहे. एक मुख शांत, एक रागीट, एक कोमल. तिच्यापुढे उभे राहिले की बोलणारा माणूसही गप्प बसतो. १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

पूर्वी बंदरावर दगडाचा मोठा हत्ती होता. पोर्तुगिजांनी त्यावरून बेटाला 'एलिफंटा' असे नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. आणि एक गोष्ट ऐका. मुंबईचे दिवे या बेटावरून रोज दिसत, पण बेटावरच्या गावकऱ्यांना कायमची वीज मिळायला २०१८ साल उजाडले. समुद्राच्या तळातून तार टाकून ती आणली. मूर्ती पाहायला जग येते, पण मूर्तीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाकडेही जरा पाहावे.

लाँचीत बसताना तरंगण्याचे जाकीट मागून घ्या आणि अंगात घाला. बसण्याच्या फळीखाली ठेवू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या एका लाँचीवर नौदलाची वेगात जाणारी होडी आदळली. लाँच बुडाली. दहाहून अधिक माणसे प्राणाला मुकली. समुद्र शांत होता, दिवस उजेडाचा होता. तरी असे झाले. म्हणून लाज धरू नका. जाकीट मिळाल्याशिवाय लाँच सोडू देऊ नका. लाँचीत किती माणसे बसवायची तो आकडा लिहिलेला असतो. आता तुम्हाला तो वाचता येतो. माणसे जास्त दिसली तर उतरून दुसऱ्या लाँचीने जा.

४. अलिबागचा कुलाबा किल्ला, आणि भरती-ओहोटीचा हिशेब

गेटवेवरून किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोट जाते. तेथून अलिबाग जवळ. एस. टी.ने पनवेल-पेणवरूनही जाता येते. शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या दिवसांत कुलाबा किल्ल्याचे काम हाती घेतले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे दर्यासारंग कान्होजी आंग्रे यांचे हे मोठे ठाणे होते. कान्होजींची समाधी अलिबाग गावात आहे. किल्ल्याचा तट पाहा. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचले आहेत, मध्ये चुना नाही. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि लाटेचा जोर मोडतो. आत गणपतीचे देऊळ आहे आणि गोड्या पाण्याची सोय आहे.

या किल्ल्याला ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. भरती आली की त्याच वाटेवर डोक्याइतके पाणी चढते. येथेच माणसे फसतात. जाताना पाय कोरडे असतात. आत फोटो काढण्यात, जेवण्यात वेळ जातो. परत येताना पाहतात तो पाणी! "जाऊ की, गुडघाभर तर आहे," म्हणून पाय घालतात. मध्यावर पाणी छातीला लागते आणि ओढ सुरू होते. अशा वेळी पोहणाराही हात टेकतो.

म्हणून हा हिशेब नीट शिकून घ्या. आपले कोळीबांधव तो पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. चंद्राच्या ओढीने हे पाणी हलते. म्हणून वेळ तिथीवर ठरते. आपल्या किनाऱ्यावर ढोबळ नियम असा : तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत, ती अशी उपयोगी पडते.

समजा, चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. मग सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी.

समजा, अष्टमी आहे. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. मग दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी.

समजा, द्वादशी आहे. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला आणि रात्री नऊला भरती. मग दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी.

शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, रीत एकच. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण असते. पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी कमी चढते, पण उतरतेही कमी. म्हणून भांगाच्या दिवसांत ओहोटीलासुद्धा वाटेत पाणी राहू शकते.

हा नियम अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून किनाऱ्यावर लावलेली पाटी वाचा आणि तेथल्या कोळ्याला विचारा. "दादा, पाणी कधी फिरेल?" एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. पाणी उतरत असताना किल्ल्यात जावे आणि पाणी चढू लागण्याच्या आधी परत यावे. उशीर झालाच तर आतच थांबावे. सहा तास भूक काढता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही.

५. मुरुडचा जंजिरा

अलिबागच्या दक्षिणेला मुरुड. तेथून जवळ राजपुरीला शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्याला जातात. जंजिरा म्हणजे बेट. अरबी शब्द आहे. हा सिद्दी राजांचा किल्ला. चारी बाजूंना खोल समुद्र आहे. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसत नाही, इतक्या खुबीने ते बुरुजांच्या मध्ये बसवले आहे. आत कलालबांगडी नावाची अजस्र तोफ आहे आणि गोड्या पाण्याचे तलाव आहेत. मराठ्यांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण हा किल्ला त्यांच्या हाती आला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले.

जंजिऱ्यावरून समुद्रात दुसरा किल्ला दिसतो. तो पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी तो बांधला. त्याच काळातली लाय पाटील या कोळी वीराची हकीकत सांगतात. रात्रीच्या अंधारात त्याने जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. पण मागून यायची फौज वेळेवर आली नाही. शिड्या काढून त्याला परतावे लागले. महाराजांनी त्याच्या धाडसाबद्दल पालखी देऊ केली. तो म्हणाला, "आम्ही दर्यावर राहणारी माणसे. पालखी घेऊन काय करू?" तेव्हा महाराजांनी त्याला गलबत करून दिले आणि त्याचे नाव 'पालखी' ठेवले. काम फसले तरी कष्ट करणाऱ्याचा मान ठेवावा, हे या गोष्टीतून शिकावे.

६. वेळासची कासवे

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव ते हेच. तेथे थंडीच्या दिवसांत रात्री समुद्रातून कासवीण वर येते. वाळूत खड्डा करते, शंभरभर अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. मागे वळून पाहत नाही. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कुत्री आणि कोल्हे उकरून खात. कासवे संपत चालली होती.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केले. गावकरी पहाटे किनाऱ्यावर फिरतात. अंडी जपून उचलतात आणि कुंपणात तशीच वाळूत पुरतात. पन्नासएक दिवसांनी पिले बाहेर येतात. बशीएवढीही नसतात. त्यांना वाळूवर सोडले की ती आपोआप समुद्राकडे धावतात. हे पाहायला दूरदूरची माणसे येतात. ती गावात घरोघरी उतरतात, घरचे जेवतात. त्याचे पैसे घरच्या बाईच्या हातात पडतात. अंडे विकून एकदाच पैसा मिळाला असता. अंडे राखल्यामुळे तो दर वर्षी मिळतो. तुमच्या गावात राखण्यासारखे काय आहे, त्याचा शोध घ्या.

७. रत्नागिरी आणि कातळावरची चित्रे

कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली. आता रत्नागिरीला जाणे सोपे झाले आहे. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. तेथे थिबा राजाचा राजवाडा आहे. थिबा हा ब्रह्मदेशाचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि त्याला येथे आणून नजरकैदेत ठेवले. १९१६ साली तो येथेच वारला. आपला देश डोळ्यांनी पुन्हा पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. वाडा मोठा आहे, पण पाहताना मन उदास होते.

रत्नागिरी आणि राजापूरच्या बाजूच्या सड्यांवर जांभ्या कातळात कोरलेली मोठमोठी चित्रे आहेत. हत्ती, मासे, वाघ, माणसे, चौकोनी नक्षी. ती हजारो वर्षांपूर्वीची आहेत. गुराख्यांना ती पूर्वीपासून ठाऊक होती. शिकलेल्यांचे लक्ष अलीकडे गेले. उक्षी गावात कातळावर हत्ती कोरला आहे. गावकऱ्यांनी त्याच्या भोवती गडगा घालून तो जपला आहे. अशा ठिकाणी चित्रावर पाय देऊ नये, गाडी नेऊ नये. आपल्या सड्यावर असे काही दिसले तर चिरे काढण्याआधी ग्रामपंचायतीला कळवावे.

८. सिंधुदुर्ग

कुडाळ किंवा कणकवलीला उतरून एस. टी.ने मालवणला जावे. समोर समुद्रात सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी याचा पाया घातला. पायाचे दगड शिसे ओतून बसवले. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. आत शिवराजेश्वराचे देऊळ आहे. ते राजाराम महाराजांनी बांधले. महाराजांच्या हातापायाचे ठसे येथे दाखवतात. दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर अशा तीन विहिरी आहेत. भोवती खारा समुद्र, आत गोडे पाणी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर जावे.

२०२५ सालच्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत आपल्या समुद्रातले आणि समुद्रकाठचे चार आहेत : खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. मान मिळाला हे खरे, पण तो राखायचा कोणी? तटावर बसून खाल्लेल्या पुड्यांचे कागद आणि रिकाम्या बाटल्या आपण तेथेच टाकल्या, तर जगाने येऊन काय पाहायचे? ज्या पिशवीत भाकरी नेली, त्याच पिशवीत कचरा परत आणावा.

तर मंडळी, एकाच वर्षात सगळे पाहा असे आमचे म्हणणे नाही. या वर्षी एक पाहा. घरातल्या बाईमाणसालाही बरोबर घ्या. तिला चुलीपासून एक दिवस सुटी मिळू द्या. म्हातारी माणसे असतील तर लेणी-किल्ल्यांच्या पायऱ्यांचा विचार आधी करा. पाटी दिसली की थांबा आणि मुलांना ती मोठ्याने वाचून दाखवा. आजवर मुले तुम्हाला वाचून दाखवीत होती. आता तुम्ही त्यांना दाखवा.



सांगा पाहू

१. कान्हेरीला पाणी कसे साठवीत?
२. आज तिथी कोणती? आज पूर्ण भरती किती वाजण्याच्या सुमारास असेल?
३. कुलाबा किल्ल्यात उशीर झाला आणि पाणी चढले तर काय करावे?
४. वेळासच्या लोकांना अंडी राखून कोणता फायदा झाला?
५. तुमच्या गावाजवळ पाहण्याजोगे काय आहे? त्याविषयी वहीत पाच ओळी लिहा.